वाफसा पाहून लढलेली लढाई



गेल्या हंगामात डोंगरी पट्ट्यातल्या एका गावी भाताच्या तरव्याची पाहणी करायला गेलो होतो. काम आटोपले आणि ओट्यावर चहा घेत बसलो. तेवढ्यात त्या घरच्या वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटले, खताचे किंवा करप्याचे काही विचारतील. त्यांनी विचारले ते निराळेच.

"साहेब, आमचं धाकटं रोज पहाटं उठून डांबरीवर पळतंय. फौजेत जायचं म्हणतंय. मी काय त्याला अडवत नाही. पण खरं सांगा, लढाई लागली तर तिथं नुसती माणसं मोजत्यात, का पोराला शिकवून-सवरून पुढं धाडत्यात?"

प्रश्न सरळ होता, पण माझ्याजवळ सरळ उत्तर नव्हते. "वहिनी, पुढच्या खेपेला सांगतो," असे म्हणून मी निघालो. त्यानंतर आमच्या गावच्या एका निवृत्त हवालदारांकडे दोन-तीन वेळा जाऊन बसलो. जाणत्या सेनाधिकाऱ्यांनी लिहिलेलेही थोडे वाचले. त्यातून जे कळले ते आज तुमच्यापुढे मांडतो. ज्यांच्या घरचे पोरगे पहाटे पळायला जाते, त्या सगळ्याच घरांसाठी हे आहे.

उदाहरण घेतो ते १९७१ सालच्या पूर्व बंगालच्या लढाईचे, म्हणजे ज्या लढाईतून बांगलादेश जन्माला आला तिचे. कारण असे की ही लढाई भाताच्या खाचरांतून आणि नद्यांच्या काठांवर झाली. तिच्यात मराठी पलटणी लढल्या. आणि तिच्यातले मोठमोठे निर्णय असे आहेत की, ते शेतकऱ्याला फोड करून सांगावे लागत नाहीत.

एप्रिलात घाई केली असती तर

२५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाका शहरात आपल्याच नागरिकांवर हत्यार उचलले. माणसे घरदार सोडून भारताच्या हद्दीत येऊ लागली. पुढे पुढे हा आकडा एक कोटीच्या घरात गेला. लष्कर घुसवा आणि हे थांबवा, अशी मागणी देशात जोर धरू लागली.

त्या वेळी लष्करप्रमुख होते जनरल सॅम माणेकशॉ. एप्रिलच्या अखेरीस पंतप्रधान इंदिरा गांधींनी त्यांना मंत्रिमंडळाच्या बैठकीत बोलावून विचारले. माणेकशॉ यांनी पुढे आपल्या भाषणांतून ही हकीकत सांगितली आहे. त्यांनी उत्तर दिले की, आत्ता लढाई केली तर हार ठरलेली आहे.

त्यांनी दिलेली कारणे ऐका. पहिले कारण पाऊस. महिना-दीड महिन्यात तिकडे पावसाळा सुरू होणार, पद्मा, जमुना, मेघना या नद्या समुद्रासारख्या पसरणार, आणि रस्ता सोडला की गाडी रुतणार. दुसरे कारण हिमालय. उन्हाळ्यात तिकडच्या खिंडी मोकळ्या असतात, तेव्हा चीनकडे पाठ फिरवता येत नाही. तिसरे कारण तयारी. पलटणी देशभर विखुरलेल्या होत्या आणि चिलखती डिव्हिजनमधले मोजकेच रणगाडे चालू अवस्थेत होते.

चौथे कारण मात्र आपल्या घरचे आहे. उत्तरेत गव्हाची कापणी तोंडावर होती. सैन्य हलवायचे म्हणजे रेल्वेचे डबे, मालमोटारी आणि रस्ते सगळे लष्कराला लागणार. मग कापलेला गहू शेतातच पडून राहील. बैठकीत तेव्हाचे अन्न व कृषिमंत्री फक्रुद्दीन अली अहमद हजर होते. धान्य न हलल्याने टंचाई पडली तर लोक तुम्हाला दोष देतील, असे माणेकशॉ यांनी त्यांना सांगितले. लढाईचा हिशेब मांडताना सेनापतीने सुगीचा हिशेब मांडला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आपण काय करतो? पहिला पाऊस पडला म्हणून लगेच पाभर घालत नाही. वाफसा पाहतो. ज्याने घाई केली त्याच्यावर दुबार पेरणीची पाळी येते. लढाईत दुबार पेरणी नसते, कारण तिथले बियाणे म्हणजे माणसे.

आता डिसेंबरात काय बदलले ते पाहा. तिकडे आमन नावाचे मुख्य भात पावसाळ्यात लावतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरात कापतात. म्हणजे लढाईच्या वेळी बहुतेक खाचरांतले पाणी निचरले होते, जमीन आवळली होती आणि बऱ्याच ठिकाणी धसकटेच उरली होती. नद्या आपापल्या पात्रात परतल्या होत्या. हिमालयाच्या खिंडींत बर्फ साचले होते, त्यामुळे उत्तरेकडची काही पथके खाली आणता आली. मधल्या महिन्यांत पूल बांधण्याचे सामान, दारूगोळा आणि इंधन सीमेवर पोचले होते. एकट्या त्रिपुरात एका अरुंद रेल्वेने धर्मनगरपर्यंत आणि पुढे एकाच रस्त्याने हजारो टन माल नेला गेला. पाण्यात तरंगत जाणारे हलके रणगाडेही तयार ठेवले होते. मशागत सात महिन्यांची आणि कापणी तेरा दिवसांची, असा हा हिशेब आहे.

तरवा चांगला तर भात चांगला

आता वहिनींच्या खऱ्या प्रश्नाकडे येऊ. पोराला शिकवतात का, आणि शिकवल्याने काय फरक पडतो?

या लढाईत शेजारी शेजारी दोन प्रकारचे लढवय्ये होते. एक भारतीय लष्कराचे जवान, दुसरे बंगालची मुक्तिवाहिनी. मुक्तिवाहिनीचे प्रमुख कर्नल उस्मानी होते. त्यांच्याकडे बंडखोर सैनिक आणि पोलीस तर होतेच, पण मोठा भरणा कॉलेजातल्या मुलांचा आणि शेतकऱ्यांच्या पोरांचा होता. सीमेवरच्या छावण्यांत त्यांना काही आठवड्यांचे शिक्षण देऊन परत पाठवत. बंदूक चालवायची, बाँब टाकायचा, पूल उडवायचा आणि निसटायचे, एवढे त्या वेळात येत असे. मुलूख त्यांच्या ओळखीचा, भाषा घरची, म्हणून या कामात ती मुले पटाईत झाली.

परंतु तटबंदीत बसलेल्या शत्रूवर समोरून चालून जाणे हे वेगळे काम आहे. ३१ जुलै १९७१ रोजी सीमेजवळच्या कमालपूर या चौकीवर ईस्ट बेंगॉल रेजिमेंटच्या एका पलटणीने हल्ला केला. त्या पलटणीत नव्याने घेतलेली मुले खूप होती. धाडसाला त्यांच्या तोड नव्हती. पण पलटणीची फार हानी झाली, आणि चौकी काही पडली नाही. कोवळे रोप वेळेआधी उपटून लावले की ते उभे राहत नाही. त्यात रोपाचा दोष नसतो.

याच्या उलट उदाहरणही मुक्तिवाहिनीचेच आहे. पोहण्यात तरबेज असलेली काही मुले निवडून त्यांना पश्चिम बंगालमध्ये प्लासीजवळ भागीरथी नदीवर ठेवले. तिथे भारतीय नौदलाच्या माणसांनी त्यांना शिकवले. अंगाला वजन बांधून तासन् तास पोहणे, रात्रीच्या अंधारात आवाज न करता पाण्यातून जाणे आणि जहाजाच्या बुडाला सुरुंग चिकटवणे, एवढे एकच काम महिनोन् महिने घोटून घेतले. मग १५ ऑगस्टच्या मध्यरात्री चित्तगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चार बंदरांत त्यांनी एकदमच जहाजे उडवली. कामाला निघण्याची खूण म्हणून आकाशवाणीवर ठरलेली गाणी वाजवली होती. पोरे तशीच खेड्यापाड्यांतली, पण शिक्षण पुरे झालेले होते.

आपल्याकडे मराठा लाइट इन्फंट्रीच्या रंगरुटांचे शिक्षण बेळगावला होते, महार रेजिमेंटचे सागरला. पहाटेची कवायत, ओझे घेऊन मैलोन् मैल चाल, हत्यार डोळे मिटून खोलणे आणि जोडणे, जमिनीशी चिकटून सरपटणे, रात्रीची दिशा ओळखणे, हे सगळे तिथे शिकवतात. आमचे हवालदार म्हणतात, "साहेब, नेम धरायला सहा महिन्यांत येतं. पण हुकूम होईस्तवर गोळी न झाडता गप पडून राहणं, हे शिकायला त्याहून जास्त वेळ लागतो." या वाक्याचा अर्थ पुढे जमालपूरला कळेल.

माणसे किती लागतात?

लष्करात एक ढोबळ आडाखा आहे. खंदकात बसलेल्या एकाला उठवायला चालून जाणारे तीन लागतात. पूर्व बंगालमध्ये भारताच्या तीन कोअर आणि आणखी एक मोठी तुकडी, अशा चार बाजूंनी उतरल्या. जवानांची संख्या पाकिस्तानपेक्षा जास्त होती, पण सरसकट तिप्पट नव्हती. म्हणजे आडाख्याप्रमाणे पाहिले तर हिशेब बसत नव्हता.

पाकिस्तानचे सेनापती जनरल नियाझी यांनी आपली माणसे जेसोर, बोगरा, रंगपूर, जमालपूर, मैमनसिंग, सिल्हेट, कोमिल्ला अशा शहरांत वाटून ठेवली होती. प्रत्येक शहर म्हणजे एक किल्ला. भारतीय सैन्य एकेका किल्ल्याशी झुंजत बसेल आणि थकेल, असा त्यांचा बेत होता.

त्या बेतात जिथे आपण सापडलो तिथे फार महाग पडले. हिली नावाच्या ठिकाणी नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यात समोरून हल्ला झाला. भोवती दलदल, तळी आणि ओली खाचरे होती. ती जागा ११ डिसेंबरपर्यंत झुंजत राहिली आणि कित्येक जवान तिथे पडले.

पाणी धोंड्याशी भांडत नाही

बाकी ठिकाणी मात्र वेगळी रीत धरली. तुम्ही पाटाचे पाणी सोडता, मध्ये धोंडा आला तर पाणी त्याच्याशी भांडत बसते का? ते बाजूने वाट काढते आणि पुढचा वाफा भिजवते. भारतीय सैन्याने किल्ल्यांना बगल दिली, मधले रस्ते आणि घाट धरले आणि पुढे ढाक्याकडे सरकले. मागे राहिलेल्या किल्ल्यातल्या माणसाला रसद नाही, निरोप नाही. जेसोरची तर मोठी तटबंदी होती, पण ७ डिसेंबरला आपले सैन्य आत शिरले तेव्हा शत्रू ती सोडून गेलेला होता.

या कामात तिथल्या शेतकऱ्यांचा वाटा फार मोठा आहे. त्यांनी होड्या दिल्या, बैलगाड्या आणि सायकलरिक्षा दिल्या, तोफगोळे डोक्यावरून वाहिले, कोणत्या बांधावरून गाडी जाईल ते दाखवले.

मेघना नदीचे उदाहरण घ्या. आशुगंजचा रेल्वेपूल मागे हटणाऱ्या शत्रूने उडवून दिला. नदी किलोमीटरभर, काही ठिकाणी त्याहूनही रुंद. पूल बांधत बसले असते तर आठवडे गेले असते. जनरल सगतसिंग यांनी ९ डिसेंबरपासून हेलिकॉप्टरने खेपा सुरू केल्या. एका खेपेत दहा-बारा जवान, पण रात्रंदिवस. बाकीचे होड्यांतून पलीकडे गेले. असा मेघना ओलांडून ढाक्याचा रस्ता मोकळा झाला.

जमालपूरची रात्र

आता आपल्या मातीतल्या पोरांची गोष्ट. उत्तरेकडून ढाक्याला जाणाऱ्या वाटेवर जमालपूर आहे. तिथे ब्रिगेडियर क्लेर यांच्या हाताखाली पहिली मराठा पलटण होती, तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल ब्रार. पलटण नदी ओलांडून शहराला वळसा घालून मागच्या बाजूस, दक्षिणेच्या रस्त्यावर जाऊन बसली.

आत बलुच पलटण होती, तिचे प्रमुख कर्नल सुलतान अहमद. क्लेर यांनी निरोप्याच्या हाती चिठ्ठी पाठवली की तुम्ही वेढले गेला आहात, शरण या. उत्तराच्या चिठ्ठीसोबत बंदुकीची एक गोळी गुंडाळून आली. माणूस मानी होता, हे कबूल केले पाहिजे.

१० डिसेंबरच्या रात्री बलुच पलटण वेढा फोडून त्याच रस्त्याने बाहेर निघाली. मराठे अंधारात दबा धरून होते. विचार करा, समोरून शत्रूची रांग पावला-पावलाने जवळ येते आहे, बोट घोड्यावर आहे, छाती धडधडते आहे. एकाने जरी घाईने गोळी झाडली असती तर शत्रू पांगला असता आणि खेळ बिघडला असता. रांग माऱ्यात येईपर्यंत पलटण थांबली. मग हुकूम झाला. त्या रात्री शत्रूचे दोनशेहून अधिक सैनिक पडले. दुसऱ्या दिवशी जमालपूर आपल्या हाती आले. "गप पडून राहणं" म्हणजे काय, ते मला तेव्हा कळले.

त्याच ११ डिसेंबरला टांगाईलजवळ पोंगली पुलाशी आपली दुसरी पॅरा पलटण छत्र्यांनी उतरली. ही मुळात मराठा रेजिमेंटचीच एक जुनी पलटण. उत्तरेकडून मागे हटणाऱ्या शत्रूची वाट अडवणे हे तिचे काम होते. हत्यारांच्या काही पेट्या तळ्यांत पडल्या, तेव्हा आसपासचे गावकरी धावत आले आणि सामान गोळा करून दिले. पाच दिवसांनी, १६ डिसेंबरला, ढाक्याच्या वेशीवर प्रथम पोचली तीही हीच पलटण.

त्या दिवशीचा हिशेब सेनाधिकारी जनरल जेकब यांनी लिहून ठेवला आहे. ढाक्यात नियाझींजवळ सव्वीस हजारांवर सैनिक होते आणि भारताचे शहराबाहेर अवघे तीन हजारांच्या आसपास. माणसे मोजून लढाई ठरत असती तर नियाझी जिंकायला हवे होते. पण त्यांचे किल्ले एकेकटे पडले होते, विमानतळ आपल्या हवाई दलाने उखडला होता, समुद्राची वाट नौदलाने अडवली होती आणि मुलूख सगळा विरोधात होता. दुपारी त्यांनी जनरल अरोरा यांच्यासमोर शरणपत्रावर सही केली. सैनिक, पोलीस, नोकरदार आणि कुटुंबे धरून सुमारे ९३ हजार माणसे ताब्यात आली.

किंमत

हे सगळे सांगताना एक गोष्ट झाकून ठेवली तर मी वहिनींशी खोटे बोललो असे होईल. पूर्व आणि पश्चिम आघाडी मिळून आपले साडेतीन हजारांहून अधिक जवान त्या लढाईत गेले.

त्यातला एक लान्सनायक अल्बर्ट एक्का. आजच्या झारखंडातल्या गुमला जिल्ह्यातील जारी गावचा, आदिवासी घरचा मुलगा. लहानपणी रानात शिकार करायचा, हॉकी चांगली खेळायचा. ३ डिसेंबरला गंगासागर येथे जखमी असतानाही त्याने मशीनगनचा मारा दोनदा बंद पाडला, म्हणून सोबती वाचले. तो मात्र परतला नाही. त्याला मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. मान मोठा आहे. पण पुढच्या पेरणीला त्या घरात दोन हात कमी होते, हेही तितकेच खरे.

म्हणूनच चांगल्या सेनापतीची परीक्षा किती माणसे पुढे घातली यावर होत नाही. किती कमी माणसे गमावून काम झाले, यावर होते. आणि ते कमी नुकसान थांबण्यातून, शिक्षणातून आणि वाट नीट निवडण्यातून येते.

वहिनी, तुमचे उत्तर

तर वहिनी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे. माणसे मोजतात हे खरे, पण मोजलेल्या माणसांवर लढाई जिंकत नाही. शिकवलेल्या माणसांवर जिंकते. पोराने फौजेत जाण्याचे ठरवले असेल तर तिथले शिक्षण हेच त्याचे खरे चिलखत आहे, हे त्याला सांगा. तिथे अंगचोरी करू नको म्हणावे.

घरात तुम्हाला करता येण्यासारखेही पुष्कळ आहे. भरतीत १.६ किलोमीटरची धाव असते, बीमवर हात ओढावे लागतात, खड्डा ओलांडावा लागतो. त्यासाठी आदल्या महिन्यात उठून पळणे म्हणजे वाफसा नसताना पेरणे. वर्षभर आधी सुरुवात हवी. दूध, डाळ, शेंगदाणे, अंडी घरचीच असतात, ती सगळी बाजारात न धाडता थोडी त्याच्या ताटात पडू द्या. २०२३ पासून आधी लेखी परीक्षा होते, म्हणून गणित आणि सामान्यज्ञानाची वही पळण्याइतकीच महत्त्वाची आहे.

२०२२ साली अग्निपथ योजना आली. त्यात सेवा चार वर्षांची आणि त्यानंतर पंचवीस टक्क्यांपर्यंत मुले कायम, असे ठरले. नियम बदलत असतात, तेव्हा चालू नियम सैन्य भरती कार्यालयात किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारून घ्या. चार वर्षांनी पोरगे परत आले तर काय करील, याचा विचार आजच घरात बसून करा. शिक्षण अर्धवट सोडू देऊ नका, आणि त्याच्या वाटणीची जमीन विकून कुणाच्या हातावर पैसे ठेवू नका. भरती करून देतो म्हणणारा दलाल हा बोगस बियाणे विकणाऱ्याचा भाऊ आहे. पावती मागितली की दोघेही पळतात.

आणि पोराने जायचे नाही असे ठरवले तरी त्याला कमी लेखू नका. त्या सेनापतीने लढाई थांबवताना शेतातल्या गव्हाची आठवण ठेवली होती. पीक काढणारा हातही देशाला लागतो.

पुढच्या आठवड्यात त्या गावी तरव्याला दुसरी भेट आहे. हा अंक घेऊन जाणार आहे.